उणे ऐंशी

शुक्रवारपर्यंत फ्रीझर रिकामा करून द्यायचाय.
उणे ऐंशीचा, तिसऱ्या मजल्यावरचा, ज्याचं दार
नॉर्मन चार्लटन ढोपरानं लावायचा,
आणि दर वेळी त्याला एक शिवी द्यायचा, न्यूकॅसलच्या ठेवणीतली.
नॉर्मन गेला. बिजागरी तीच आहे.

एकतीस वर्षांचा बर्फ खरवडते आहे.
एकेक डबा निघतो, वर त्याचं तिरकं अक्षर:
उंदीर, दिवस चौदा. उंदीर, दिवस सोळा.
सगळे जन्माआधीचे दिवस.

मी आले तेव्हा मला एकच काम होतं, मोजणं.
मेंदू घडताना पेशी आत जन्मतात
आणि बाहेर जायला निघतात
एका बारीक तंतूला धरून, सरपटत, थांबत,
आधी पोचलेल्यांना ओलांडून वर.
सगळ्यात शेवटची सगळ्यात वर बसते.
(फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे शेंडेफळाचे लाड तिथंही.)
अंगठ्याखाली क्लिकर. टक. टक.
टाइनवरच्या पुलांचे दिवे लागेपर्यंत टक,
आणि दिवे तर साडेतीनलाच लागायचे.

डेनिस हेपल आली ते साल सत्त्याण्णव.
कडेवर किअरन, चार वर्षांचा, मान न धरणारा.
त्याच्या मेंदूला वळ्याच नव्हत्या.
स्कॅनमध्ये सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत.
एका जनुकात एक अक्षर बदललेलं, बस्स,
आणि निम्म्या पेशी वाटेतच बसलेल्या.
मी तिला तंतू दाखवले, थर दाखवले, हिरवा रंग, लाल रंग.
तिनं सगळं नीट पाहिलं. मग विचारलं,
"आणि याचा ह्याला काय उपयोग?"
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.
तेवढ्यात पलीकडे नॉर्मननं सेंट्रिफ्यूज लावलं
आणि किअरन हसला.
यंत्राचा सूर चढला तसा याचाही चढला,
ते थांबलं तसा थांबला.
नॉर्मननं ते रिकामंच सहा वेळा फिरवलं.

तरीही मी लिहिलं, चार वर्षांनी, चांगल्या नियतकालिकात:
वाटेत थांबलेल्या पेशी मुक्या असतात.
त्या एका वाक्यावर नऊ वर्षं प्रयोगशाळा चालली,
तिघांचे पगार निघाले,
दारावर माझ्या नावाची पाटी लागली, स्पेलिंग दुसऱ्या खेपेला बरोबर.

किअरन एकोणिसाव्या वर्षी गेला. न्यूमोनिया. फेब्रुवारी.
डेनिसनं त्याचा मेंदू मेंदूपेढीला दिला.
नियमाप्रमाणे डब्यावर नाव नाही, नुसता क्रमांक.
पण तो आला त्या आठवड्यात
नॉर्मन रजेवर गेला, जो कधीच जात नसे.

काप मीच घेतले.
आणि तिथं, भलत्याच थरांत,
उशिरा पोचलेल्यांनी जागा मिळेल तिथं बसून
शेजारपाजाऱ्यांशी धागे जोडलेले होते. दाट.
मुकी म्हणावी अशी एक सापडेना.
मी खणातून क्लिकर काढला.

आमच्याकडे अशा मुलांना आधी मतिमंद म्हणत.
मग कुणीतरी एक अक्षर बदललं, गतिमंद केलं.
मला ती नुसती सभ्यता वाटायची, वर मारलेला रंग.
त्या रात्री, सूक्ष्मदर्शकाचा दिवा घालवताना,
तो शब्द मला मोजमापासारखा काटेकोर वाटला.

स्वतःला खोडणारा लेख छापून यायला चार वर्षं लागली.
पहिल्याहून बारीक, चित्रं कमी,
फारसा कुणी वाचला नाही. अनुदान गेलं.
क्लॅरिसानं लीड्सला नोकरी धरली, आणि बरोबर केलं.

काल निरोपाच्या चहाला डेनिस आली होती.
गुडघ्याबद्दल बोलली. उरलेली बिस्किटं पिशवीत घातली.
कोट चढवताना, माझ्याकडे न बघता,
"त्याची काही मदत झाली का तुला?"
मी एका ठिकाणी चुकले होते, म्हटलं,
ते त्यानं दुरुस्त केलं.
बटण लावता लावता ती थांबली.
"हसून?"

खालच्या कप्प्यात क्रमांकाचा डबा.
फॉर्मवर दोन चौकोन: पेढीकडे परत, नष्ट.
पहिल्यात खूण करते. गारठ्यानं पेन उमटत नाही,
पुन्हा गिरवते, पुन्हा.
मग दार ढोपरानं लोटते. लागत नाही.
नॉर्मनची शिवी देते, माझ्या उच्चारात.
लागतं.